श्रावणात न मेलेले डास

मी काचेची एक जुनी नळी आहे, मित्रांनो. लांबीला वीतभराहून थोडी जास्त, जाडीला तुमच्या करंगळीएवढी. माझ्या एका टोकाला रबराची लांब नळी जोडलेली आहे. काच संपून रबर सुरू होतं तिथे जाळीच्या कापडाचा लहानसा तुकडा बसवला आहे. मला ओळखणारे फार थोडे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला पुष्कळ वर्षं शंका होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. पण त्या गोष्टीत एक चूक आहे. ती चूक माझ्यातूनच झाली, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

माझं काम डास पकडण्याचं. भिंतीवर बसलेल्या डासावर माझं उघडं तोंड अलगद धरायचं आणि रबराच्या टोकातून हलकेच श्वास आत ओढायचा, की डास माझ्या पोटात. जाळीमुळे तो माणसाच्या तोंडात जात नाही. मग माझ्या तोंडावर बोट ठेवलं की झालं. त्याचा पंख मोडत नाही की पाय तुटत नाही. आयुष्यात आपण कुणाला मारलं नाही, याचा मला फार अभिमान होता. तो किती पोकळ होता, हे पुढे कळेलच.

मुंबईत प्रयोगशाळेची काच बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ज्योतीवर फिरवून माझ्या तोंडाच्या कडा गोल केल्या, भुशात ठेवलं आणि नवी मुंबईत खाडीकाठच्या गावांसाठी असलेल्या एका मलेरिया उपकेंद्रात मला पाठवलं. तिथे मी शिवराम यांच्या हाती आले. शिवराम कीटक संग्राहक होते. म्हणजे सरकार त्यांना डास गोळा करण्याचा पगार देत असे. ते मूळचे साताऱ्याकडचे, अंगाने बारीक, बोलायला कमी. मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांचे केस काळे होते. माझी गोष्ट घडली तेव्हा, म्हणजे १९९५ साली, त्यांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.

रोज पहाटे आम्ही दिघ्याच्या अलीकडच्या एका गावात बयाबाईंच्या गोठ्यावर जायचो. खाडी बुजवून, डोंगर फोडून चहूकडे इमारती उठत होत्या. त्यांच्या उघड्या टाक्यांत पाणी साचत होतं. पण बयाबाईंनी आपल्या दोन म्हशी सोडल्या नव्हत्या. रात्री रक्त पिऊन जड झालेले डास सकाळी गोठ्याच्या भिंतीवर बसून राहत. शिवराम बॅटरीचा उजेड तिरपा पाडत आणि मलेरियाचा डास बरोबर हुडकत. तो भिंतीला समांतर बसत नाही, मित्रांनो. डोकं खाली आणि शेपटीकडचा भाग वर उचलून, तिरका बसतो.

"आलास रं शिवराम?" बयाबाई आतूनच हाक मारायच्या. "ये. म्हशी उठल्यान, डास अजून निजलेत."

"निजलेलेच बरे, मावशी. हालत नाहीत."

"अन् धरून नेतंस त्यांना खायाला काय घालतंस?"

"साखरपाणी. कापसाच्या बोळ्यावर."

"बग! सरकारी साखर खातान. मंग माज्या गोठ्यान परत कनाला येतीन?"

शिवराम हसायचे, आणि त्यांच्या हसण्याने माझ्यातले डास हलायचे.

आता ही साखर कशासाठी, ते सांगते. त्या गावांत दरवर्षी घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर डीडीटीची पांढरी पावडर पाण्यात कालवून फवारत. डास भिंतीवर बसला की पावडर त्याच्या पायाला लागायची आणि तो मरायचा. पण ती पावडर अजून लागू पडते का, हे अधूनमधून तपासावं लागतं. त्यासाठी उपकेंद्रात प्लास्टिकच्या रुंद नळ्या होत्या. लाल ठिपक्याच्या नळीत तेच औषध लावलेला कागद गुंडाळून ठेवत. मी आणलेले पंचवीस डास शिवराम माझ्यातून फुंकून तिच्यात सोडत. एक तास झाला की ते हिरव्या ठिपक्याच्या स्वच्छ नळीत जात आणि तिथे साखरपाण्यावर एक दिवस राहत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मेलेले किती, जिवंत किती, हे मोजायचं.

आणखी एक नळी असे, पिवळ्या ठिपक्याची. तिच्यात औषध नसलेला साधा कागद. तिच्यातही पंचवीस डास सोडायचे. तिच्यातले जगले तर चाचणी खरी. तेही मेले तर समजायचं की त्यांना औषधाने मारलेलं नाही, काहीतरी दुसरंच बिघडलं आहे. सगळ्या चाचणीचा खरेपणा त्या साध्या नळीवर उभा होता. ती मात्र अगदी गरीब दिसायची, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नसे.

१९९३च्या पावसाळ्यात दोन लहानशा गोष्टी घडल्या. पिवळ्या ठिपक्याची नळी टेबलावरून पडून तडकली. शिवरामांनी नवीन मागितली, उपकेंद्राच्या साहेबांनी अर्जावर सही केली, अर्ज वर गेला आणि तिकडेच राहिला. चाचण्या तिच्यावाचूनच चालू राहिल्या. आणि मी ज्या पत्र्याच्या डबीत राहत होते, ती गंजून तिचा तळ गळून पडला. शिवरामांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि त्यांच्या खाकी पिशवीत ठेवलं. त्या पिशवीत बॅटरी होती, वही होती आणि तंबाखूची चंची होती.

माझा आणि चंचीचा शेजार तेव्हापासूनचा. मला तो आवडला होता, हे मी लपवत नाही. चंची मऊ होती, धक्के लागू देत नव्हती.

त्यानंतर एक नवल घडलं. आधीच्या वर्षी पंचवीसातले सतरा, कधी सोळा डास मरत होते. आता चोवीस मरू लागले, कधी पंचवीसच्या पंचवीस. उपकेंद्राचे प्रमुख मधुकर कारखानीस खूश झाले. "शिवराम, या वेळचा माल चांगला आलाय बरं का. आता टेन्शन नाही," असं म्हणून त्यांनी रजिस्टरवर सही केली. आकडा वाईट आला असता तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. तो चांगला होता, म्हणून कुणी एकही विचारला नाही. शिवरामांनी विचारला नाही, आणि मीही गप्प होते.

बयाबाई मात्र बोलत होत्या.

"तुमची पावडर डासांना मानावली हाय, शिवराम. तिच्यावरच बसतान अन् पाय चोलतान."

"मेलेत, मावशी. रजिस्टरला आहे. पंचवीसातले चोवीस."

"मंग आमी तुज्या रजिस्टरान निजाला येऊ?"

शिवरामांना वाटलं, बयाबाईंनी फवारणीनंतर भिंत शेणाने सारवली असेल, पावडर झाकली गेली असेल. त्यांनी तसं विचारलं. बयाबाईंनी त्यांना हाताला धरून नेलं आणि भिंत दाखवली. पांढरे ओघळ जसेच्या तसे होते. त्यावर एक डास बसला होता, तिरका, शेपटी वर करून.

मग १९९५चा श्रावण आला. शिवराम दरवर्षी श्रावणात तंबाखू सोडत. त्या वर्षी त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी चंची धुऊन दोरीवर वाळत घातली, आणि पिशवी उलटी करून झटकली तेव्हा मी त्यांच्या हाती लागले.

"अहो, ही तोंडात धरता ना?"

"रबराचं टोक धरतो. काच नाही."

"तेच ते. घरात कप विसळल्याशिवाय चहा घेत नाही तुम्ही, आणि हिला कधी पाणी तरी दाखवलंत का?"

त्यांनी मला सोड्याच्या गरम पाण्यात घातलं. जाळी काढून चोळली. दोन वर्षांत मी इतकी स्वच्छ झाले नव्हते. उन्हात वाळत पडले तेव्हा माझ्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

त्याच आठवड्यात चाचणी होती. दुसऱ्या दिवशी शिवरामांनी मोजलं. पंचवीसातले सहा मेले होते. उरलेले एकोणीस नळीच्या भिंतीवर आरामात बसले होते.

शिवराम घाबरले. आपण वेळ चुकलो, कागद उलटा लावला, असं त्यांना वाटलं. त्यांचा स्वभावच तसा होता. जगात काही बिघडलं की आधी स्वतःचे हात तपासायचे. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा कागद काढला. या वेळी पाच मेले. तिसऱ्या आठवड्यात सात. हे आकडे त्यांनी रजिस्टरमध्ये चढवलेच नाहीत. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आणि साहेबांना सांगितलं, "कागद जुना झालाय वाटतं. गणपतीनंतर परत बघतो."

गणपती झाले. चंची पुन्हा भरली आणि पिशवीत माझ्या शेजारी येऊन बसली. शिवरामांनी चाचणी घेतली. पंचवीसच्या पंचवीस मेले. शिवरामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो आकडा शाईने लिहिला. पुढच्या आठवड्यात सगळ्या गावांत फवारणीची फेरी सुरू व्हायची होती. त्याच पावडरीची पोती येऊन पडली होती.

दुसऱ्या पहाटे आम्ही गोठ्यावर गेलो, तर बयाबाईंनी हाक मारली नाही. त्या ओटीवर बसल्या होत्या. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. त्यांची सून जाई, सात महिन्यांची गरोदर, तीन दिवस तापाने थरथरत होती. चार गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजत होते. तिचा नवरा गंगाराम तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा बघायला गेला होता.

"रक्त तपासलं का, मावशी?" शिवरामांनी विचारलं.

"तपासला. मलेरियाच हाय." मग त्या उठल्या आणि अगदी जवळ आल्या. त्या दिवशी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "मना एक सांग, शिवराम. दोन वर्सां तू माज्या गोठ्यानशी डास नेतंस. तुज्या घरा मरतान अन् माज्या घरा जगतान. कसा? डास तेच न? पावडर तीच न? मंग मधी हाय कोन?"

शिवराम तसेच मागे फिरले. त्या दिवशी मी एकही डास धरला नाही.

मिठागराच्या जुन्या बांधावर ते बसले. सवयीने हात पिशवीत गेला. चंचीची नाडी सैल झाली होती. तंबाखूची पूड फडक्यावर, वहीवर, बॅटरीवर पसरली होती. त्यांनी तंबाखू मळायला घेतली आणि हात तसाच थांबला. त्यांनी मला बाहेर काढून उगवत्या उन्हाकडे धरलं. माझ्यातून आभाळ दिसत नव्हतं. आतून तपकिरी पातळ थर बसला होता. त्यांनी जाळीकडून जोरात फुंकलं, तर तळहातावर थुंकीत भिजलेली तंबाखूची बारीक पूड पडली.

"मधी हाय कोन..." ते स्वतःशीच पुटपुटले.

मित्रांनो, त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला नंतर कळलं, कारण साहेबांना त्यांनी तेच सांगितलं. लहानपणी गावाकडे वांग्याच्या रोपांवर मावा पडला की त्यांचे वडील तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवत आणि ते पाणी रोपांवर शिंपडत. सकाळी मावा मेलेला असे.

शिवराम घाईने ठरवणारे नव्हते. त्यांनी आधी घरी प्रयोग केला. औषधाचं नाव नाही, फक्त दोन स्वच्छ बरण्या आणि साखरपाणी. पहिल्या बरणीत मी जशी होते तशी वापरून पकडलेले दहा डास सोडले. मग मला सोड्याने धुतलं आणि दुसऱ्या बरणीत आणखी दहा सोडले. दुसऱ्या सकाळी पहिल्या बरणीच्या तळाशी दहाही डास पाय वर करून पडले होते. दुसरीतले दहाही जिवंत होते.

म्हणजे दोन वर्षं पावडर डास मारत नव्हती. मी मारत होते. माझ्यातून जाता जाताच ते विषारी होत होते, आणि नाव पावडरीचं लागत होतं. साध्या कागदाची ती गरीब नळी जागेवर असती, तर तिने पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं असतं.

मालतीबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता सांगावं लागेल."

"वर्ष राहिलंय माझं."

"जाईचे दोन महिने राहिलेत," मालतीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी शिवरामांनी मला हातरुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलं. म्हणून साहेबांच्या केबिनमधलं सगळं मी ऐकलं.

"तंबाखू?" कारखानीस साहेब उभेच राहिले. "शिवराम, दोन वर्षांच्या रिपोर्टवर माझ्या सह्या आहेत. वर काय कळवू? कर्मचारी तंबाखू खातो म्हणून डास मेले?"

"होय साहेब. तेच खरं आहे."

"अहो, हसतील आपल्याला!"

"हसू द्या, साहेब. मला मेमो द्या. श्रावणातले आकडे मी दडवले, तेही त्यात लिहा. पण ही फेरी थांबवा. आपण भिंती पांढऱ्या करून येऊ, लोकांना वाटेल आता भीती नाही, आणि डास त्याच भिंतीवर बसतील."

साहेबांनी खिडकीतून पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिवळ्या नळीचा अर्ज कधीचा?"

"त्र्याण्णवच्या ऑगस्टचा."

"मी परत विचारायला हवं होतं," साहेब हळूच म्हणाले. "शेजारच्या केंद्रातून मागवतो. उद्या चाचणी माझ्यासमोर करा. आणि ही डास धरायची नळी धुऊन आणा, बाबा."

चाचणी झाली. साध्या कागदाच्या नळीतले सगळे जगले. औषधाच्या नळीतले पंचवीसातले अठरा जगले. साहेबांनी स्वतः तीनदा मोजले. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कधी विसरले नाही. डास काही शाळेत जाऊन पावडर पचवायला शिकत नाहीत. हजारांत चार-दोन जन्मतःच ती सोसणारे असतात. बाकीचे मरतात, ते उरतात, आणि पुढची पिल्लं त्यांची होतात. एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की शेवटी भिंतीवर सोसणारेच बसलेले दिसतात. म्हणून वेळेवर, खरं मोजावं लागतं. खोटं मोजलं की मधला काळ डासांना मिळतो.

फेरी थांबली. दुसरं औषध यायला दीड महिना लागला. तोपर्यंत साहेबांच्या हुकमाने माणसं घरोघर फिरली, टाक्यांवर झाकणं बसवली, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडले, तापकऱ्यांचं रक्त तपासलं. शिवरामांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांच्या सेवापुस्तकात कायमची चिकटली. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते, ते थोडे कमीच बोलले गेले. जाई दवाखान्यात नऊ दिवस होती. ती वाचली. तिला मुलगी झाली, जरा अशक्त, पण रडणं खणखणीत. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. त्या दोन वर्षांत आसपासच्या वस्त्यांत किती घरांत ताप शिरला, हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं मला आजही टोचतं.

ताकीद मिळाली त्या दिवशी शिवरामांनी जुनं रजिस्टर उघडलं. दोन वर्षांच्या प्रत्येक चाचणीवर त्यांनी लाल रेघ मारली, आणि प्रत्येक रेघेखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "नळी दूषित. चाचणी रद्द." बावीस वेळा लिहिलं. इतकी वर्षं मी काम केलं, पण रजिस्टरमध्ये माझा उल्लेख त्याआधी एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या पहाटे आम्ही गोठ्यावर गेलो. शिवरामांनी ओटीवर बसून बयाबाईंना सगळं सांगितलं. तंबाखूही सांगितली. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, आणि त्यांचा तो हक्क होता.

"म्हंजे माजा खरा व्हता," त्या म्हणाल्या.

"तुमचंच खरं होतं, मावशी."

"मंग त्या रजिस्टरान माजा नाव लिव." असं म्हणून त्या आत गेल्या, गरम पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि शिवरामांपुढे ठेवला. "अन् आदी ती नली धू. माज्या म्होरं धू."

शिवरामांनी मला त्यांच्यासमोर धुतलं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत, रोज गोठ्यात शिरण्याआधी, बयाबाईंच्या ओटीवर गरम पाण्याचा तांब्या ठेवलेला असे.

आता मी एका कपाटात असते, मित्रांनो. माझ्या तोंडाची कड एका बाजूला टवकली आहे, म्हणून मला कुणी वापरत नाही. तुमच्याकडे मागायचं तर माझं मागणं मोठं नाही. कंपासपेटीतली मोजपट्टी असो, ताप मोजायची नळी असो की पाण्याच्या टाकीचं झाकण, ज्याच्यावर तुम्ही विश्वास टाकता ते कधीतरी उजेडासमोर धरून बघा. आणि ते बघताना मनासारखं उत्तर आलं असेल, तर जरा जास्तच निरखून बघा. मला कुणी तसं धरलं असतं, तर माझ्यातून आभाळ दिसत नाही, हे दोन वर्षं आधीच कळलं असतं.